वळवलेला गुरुवार

प्रिय धाकटे,

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. स्वेटर एक, विणलेला टेबलक्लॉथ एक, मधाची बाटली एक (बूच सैल झालं होतं, पण तू वरून मेण लावलं होतंस म्हणून थेंबही सांडला नाही) आणि तुझ्या सासूबाईंनी दिलेली सुंठेची पुडी. टपालखर्च एकशे चाळीस, वेष्टणावरच शिक्का होता. शिवाय पोस्टमन तीन मजले चढून आला म्हणून त्याच्या हातावर दहा ठेवले. तेवढ्या पैशांत इथे दोन बाटल्या मध आला असता गं! तू दुखणाईत, घरात मिळवते एकटे मेहुणे, आणि हे उद्योग कुणी सांगितले होते? स्वेटर ह्यांनी अंगाला लावून पाहिला. बाह्या चार बोटं लांब होतात. म्हणजे तो मेहुण्यांसाठी विणायला घेतला होतास, खरं ना? घाईघाईत ह्यांच्या नावाने पाठवून दिलास. सगळं सुरेख आहे, पण मला ते कपाटात ठेववत नाही. टेबलावरच पडलंय. हे येता-जाता त्याच्याकडे बघतात.

तुझी चिठ्ठी मी दोनदा वाचली. पहिल्यांदा खूप हसले. रुग्णालयातला जो कारकून आजवर मान वर करून बघत नव्हता, त्याने तुला खुर्ची दिली आणि ‘तुमची ओळख बरीच वरपर्यंत दिसते’ म्हणाला. आणि ते ऐकल्यापासून सासूबाई तुला ‘तू बस, मी बघते’ म्हणायला लागल्या, हे तू असं लिहिलंयस की मला त्यांचा चेहराच दिसला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र शेवटच्या ओळीवर थांबले. ‘भाऊजींना सांग, त्यांनी मला गुरुवार दिला, जन्मात विसरणार नाही.’ अगं, गुरुवार काय त्यांच्या घरचा होता द्यायला?

ह्यांची आरोग्य खात्याच्या नियोजन कक्षात बदली झाली तेव्हा मी तुम्हा सगळ्यांना पत्रं धाडली होती. कोणत्या विषयाचे किती तज्ज्ञ डॉक्टर सरकारी खर्चाने शिकवायचे, हाडांचे किती, डोळ्यांचे किती, बाळंतपणाचे किती, हे आकडे ह्यांच्या टेबलावरून जातात, असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. तू उलट लिहिलंस, ‘मोजून झाले की एखादा इकडे पाठवून द्या म्हणावं.’ ते वाक्य हे कितीतरी दिवस कचेरीत सांगत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना खात्यात भूलतज्ज्ञ म्हणतात, त्यावरही ह्यांचा विनोद ठरलेला असायचा: ‘आमच्या कक्षात सगळेच भूलतज्ज्ञ.’ आता तो विनोद घरात कुणी करत नाही.

मोजणी कशी व्हायची ते तुला सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दर काही वर्षांनी प्रत्येक रुग्णालयाला एक छापील नमुना जायचा. त्यात विचारलेलं असायचं, भूलतज्ज्ञ उपलब्ध आहे का? समोर दोन चौकटी, होय आणि नाही. एकीत खूण करायची, सही-शिक्का मारून परत पाठवायचं. आठ वर्षांपूर्वी असे गठ्ठेच्या गठ्ठे हे घरी आणायचे. जेवणं झाली की हे वाचून दाखवायचे आणि मी बेरीज मांडायची. मॅट्रिकनंतर शिकले नाही, पण वाण्याच्या हिशेबामुळे माझी बेरीज काही गंजलेली नाही, ह्याचा मला कोण अभिमान! त्या वर्षी ‘होय’ भरपूर निघाले. खात्याने ठरवलं, ह्या विषयाचे डॉक्टर पुरेसे आहेत, नवे शिकवायच्या जागा निम्म्या करा. मी तर म्हणाले होते, बरं झालं, तेवढाच सरकारचा पैसा वाचला.

आता ऐक. मंगळवारी जे डॉक्टर तुमच्याकडे येतात, तेच बुधवारी घाटाखालच्या रुग्णालयात जातात, गुरुवारी आमच्या गावात असतात आणि शुक्रवारी पार नदीपलीकडे. माणूस एक. चारही रुग्णालयांनी ‘होय’वर खूण केली होती, आणि खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. आपल्या लहानपणी आपल्या चौघींत एकच छत्री होती, आठवते? शाळेत बाईंनी विचारलं, छत्री आहे का, तर चौघीही आपापल्या वर्गात हात वर करायचो. तसंच झालं हे. बाईंना वाटायचं, ह्यांच्या घरी चार छत्र्या. आणि मग आता शिकवा की जास्त, असं म्हटलं तर हे म्हणतात, डॉक्टर काही दुकानातून आणता येत नाही. साध्या डॉक्टरचा तज्ज्ञ व्हायला आणि मग हात बसायला वर्षं जातात. त्या वेळी ज्या मुलांना जागा नाही म्हणून परत पाठवलं, त्यांतलाच कुणीतरी आज तुमच्या रुग्णालयात रोज सकाळी हजर असता.

हे सगळं मला दोन आठवड्यांपूर्वी ठाऊक नव्हतं. तेव्हा तुझं पत्र आलं होतं, की तिसऱ्यांदा तारीख गेली, मंगळवारची यादी भरलेली आहे आणि आता नंबर पाच महिन्यांनी. तू इथे राहायला आली होतीस तेव्हाची ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पित्ताच्या खड्यांची कळ आली होती तुला, आणि ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तू स्वयंपाकघरात ओट्याला धरून टॉवेलचं टोक दातांत धरलं होतंस. कळ ओसरल्यावर काय म्हणालीस, तर ‘ताई, दूध उतू जातंय.’ ते आठवलं आणि मी ह्यांच्यामागे लागले. तुला माहीत आहेत हे. आजवर कुणासाठी शब्द टाकला नाही, स्वतःच्या चुलत्यांसाठीसुद्धा नाही. मी म्हटलं, ‘सख्ख्या मेहुणीसाठी एक फोन होत नाही तुमच्याच्याने? मग ती खुर्ची काय उबवायला दिलीय तुम्हाला?’ हे बूट घालत होते. एक बूट घालून तसेच बसून राहिले. मग दुसराही घातला आणि गेले. संध्याकाळी आले ते म्हणाले, ‘वळवला एक गुरुवार. पुढच्या महिन्यातला पहिला. त्या दिवशी डॉक्टर तिकडे जातील, तिचं नाव पहिलं लावलंय.’ मी तशीच देवापुढे जाऊन बसले आणि हात जोडले. कुठून वळवला हे विचारायचं मला सुचलं नाही. नाही, खोटं कशाला लिहू, सुचलं होतं. विचारलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहतात. तू पाहिलंयस त्यांना, जिन्यात भेटल्या की आधी आपल्या कपड्यांची शिवण बघतात आणि मग तोंडाकडे. त्यांचा नवरा ट्रक चालवतो. मालावरची दोरी आवळताना वरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. इथल्या रुग्णालयात पायाला वजन टांगून पडून आहे बिचारा. हाडांचे डॉक्टर रोज असतात, आत घालायची सळई येऊन पडली आहे, शस्त्रक्रियेची खोलीही रिकामी असते. अडलंय ते भूल देणाऱ्यापाशी, म्हणजे गुरुवारपाशी. गेल्या गुरुवारी बाळंतपणात अडलेल्या दोन बायका आल्या, त्यात डॉक्टरांचा दिवस गेला. येत्या गुरुवारची यादी आधीच भरलेली, म्हणून त्याला त्याच्या पुढचा, महिन्यातला पहिला गुरुवार दिला होता. आणि आता सांगितलं, त्या गुरुवारी डॉक्टर येणार नाहीत, बाहेरगावी जायचेत.

परवा वहिनी वर आल्या. हातात माझे उशांचे अभ्रे. शिलाई दिली तर घेईनात. म्हणाल्या, ‘राहू द्या हो. ताई, तुमचे साहेब त्याच खात्यात ना? मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे. एक शब्द टाकायला सांगा की. हाडांचे डॉक्टर म्हणतात, अजून लांबलं तर हाड वाकडं जुळेल, मग पुन्हा मोडून बसवावं लागेल. वाकड्या पायाने क्लच कसा दाबायचा ह्यांनी?’ मग डोळे पुसून हसल्याच. ‘आणि हा बाबा काय म्हणतो माहितेय? मला नको तुमची भूल, माल बांधतात तसं दोरीने बांधा मला आणि ठोका ती सळई.’ मीही हसले. चहा टाकला. ‘विचारते हं ह्यांना’ असं म्हणाले. जाताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, तुमच्यासारखी माणसं शेजारी आहेत म्हणून धीर आहे. धाकटे, त्या दोन जिने उतरून गेल्या तरी मी दार लावलं नव्हतं. दाराआड जाऊन उभं राहायचीसुद्धा लाज वाटली.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, ‘तो गुरुवार इथलाच होता का?’ हे चष्मा पुसत होते. म्हणाले, ‘दुसरा होता कुठे वळवायला?’ आणि मग, इतकी वर्षं जे कधी घरी बोलले नव्हते ते सगळं बोलले. छत्रीचं सोडून वर लिहिलंय ते सगळं त्यांचंच. म्हणाले, ‘आपण माणसं मोजलीच नाहीत गं. होय मोजले.’ ह्या वर्षी पुन्हा मोजणी आहे. ह्यांनी वरिष्ठांना सुचवलं होतं, डॉक्टर आठवड्यातले कोणते वार येतात तेही विचारू या. वरिष्ठ म्हणाले, नमुने छापून झालेत, पुढल्या खेपेला बघू. पुढली खेप म्हणजे पुन्हा काही वर्षं! परवापासून हे रोज थोड्या थोड्या नमुन्यांवर हाताने एक ओळ लिहून आणतात, ‘वार कळवावेत’, आणि खाली स्वतःची सही करतात. परवानगी घेतलेली नाही. त्यावरून काय ऐकून घ्यावं लागेल ते लागेल. पण त्या ओळीतून जे डॉक्टर निघायचे ते निघतील तेव्हा निघोत, त्यांतला एकही ह्या पहिल्या गुरुवारी कुणाच्या उपयोगी पडणार नाही.

मी म्हटलं, करा ना पुन्हा फोन, परत वळवा. तर म्हणाले, ‘आणि तिचं नाव माझ्या हाताने काढू? ते माझ्याच्याने होणार नाही. तिने आपणहून सोडला तर तासाभरात वळवतो. पण तिला लिहिणार असशील तर अर्धंमुर्धं लिहू नकोस.’ म्हणून हे एवढं लांबलचक. मेहुण्यांच्या दुकानावर फोन करता आला असता, पण तिथे गिऱ्हाइकांच्या गर्दीत तुला उभी करून हे विचारायला माझी जीभ रेटली नसती. दोन दिवस देवापुढे बसते आणि उठते. ज्या गोष्टीबद्दल हात जोडले, तीच दुसऱ्याच्या पानातून उचललेली निघाली, आता त्याच्याकडे कोणत्या शब्दांत काय मागू?

तर हे पत्र पार्सलाची पोच द्यायला लिहिलेलं नाही. तो पहिला गुरुवार तू सोडावास, हे मागायला लिहिलंय. आधी तुझ्या डॉक्टरांना गाठ आणि स्पष्ट विचार, पाच महिने थांबलं तर चालेल का. ते नको म्हणाले तर मुळीच सोडू नकोस. मग खाली जाऊन वहिनींना खरं काय ते मी सांगेन, तो माझा भाग. ते चालेल म्हणाले, तरीही तुझा जीव मानत नसेल, तर तसं लिही. कारण देऊ नकोस, मी विचारणार नाही, तुझ्या भाऊजींनाही विचारू देणार नाही. सासूबाई पुन्हा पहिल्यासारखं बोलू लागतील, कारकून खुर्ची देणार नाही, आणि कळ आली की टॉवेल तुझ्याच दातांत असेल, इथे बसून मागणाऱ्या माझ्या नाही, हे सगळं मला कळतंय. आणखी एक लिहिते, ते वाचून मग ठरव. तुझ्या जागी मी असते आणि तू मला असं पत्र लिहिलं असतंस, तर मी गुरुवार सोडला नसता. देवाला स्मरून सांगते, नसता सोडला. तरीही मागतेय. टपालाला तीन दिवस लागतात, आणि वळवायचा तर त्या आठवड्यात सोमवारी कचेरी उघडताच ह्यांना फोन करावा लागेल. तेव्हा काय ते दोन ओळींत, साध्या कार्डावर का होईना, पण उलट टपाली कळव.

तुझीच,
ताई