नाताळातली भायली खोली

आये, घरात आज सुट्टीचा बेत चालला आहे. मुलगा मोबाइलवर विमानाचे दर बघतो आहे, सून हॉटेलं बघते आहे, आणि तुझी सून, म्हणजे माझी बायको, हिमाचलात आपल्याला कुठला तांदूळ मिळणार म्हणून आत्ताच काळजीत पडली आहे. मी मध्येच उठून समोरच्या भायल्या खोलीत आलो आणि तुला लिहायला बसलो. तुझ्याशी जन्मभर आपल्या बोलीत बोललो. असं मराठी बोललो असतो तर ‘मास्तर झालंय?’ म्हणून हसली असतीस. पण कागद पुढे आला की माझ्या हातून मराठीच उतरते, शाळेत तीच गिरवली. गोव्याचं राज्य झालं तेव्हा तिठ्यावर माणसं कोंकणी की मराठी यावरून गळे बसेपर्यंत भांडायची, मग घरी जाऊन बायकोशी एका भाषेत बोलायची आणि मुंबईच्या भावाला दुसऱ्या भाषेत पत्र लिहायची. मी त्यांच्यातलाच एक. बाकी तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे कुठल्याही भाषेत लिहिलं तरी वाचून दाखवायला मीच लागलो असतो.

मी उठून आलो ते लेकीच्या एका प्रश्नामुळे. सगळं आपापसात ठरवून झाल्यावर तिने विचारलं, “बाबा, तुम्हाला कुठे जावंसं वाटतं?” आणि माझ्या तोंडाशी जे उत्तर आलं त्याने मीच दचकलो. तुझंच उत्तर होतं ते, जसंच्या तसं. मी ते गिळलं आणि ‘तुम्ही न्याल तिकडे’ म्हणालो. तू ते बोललीस तो दिवस आठवला, म्हणून कागद घेतला.

तेव्हा हरमलात आपलं घर म्हणजे ही भायली खोली, मधला बिनखिडकीचा काळोख आणि मागे चुलीची, रांदपाची खोली. बाबांनी मरायच्या आधी बांधलेली ही भायली एकच चांगली. समुद्राकडे उघडणारं जनेल हिलाच, घरातली एकुलती एक खाटही हिच्यातच. दिवाळी झाली की भाड्याने द्यायला आपण ती रिकामी करायचो. देवाचा फोटो तेवढा भिंतीवर ठेवून कपडे, ट्रंका, पाट सगळं मागे. तू वाटणाच्या रगड्याशेजारी अंथरूण घालायचीस आणि शिगम्यापर्यंत तिथेच निजायचीस. आम्ही नवराबायको मधल्या काळोखात. गावात सगळ्यांचं असंच होतं, त्यामुळे कोणाला काही वाटत नसे. गोरी माणसं पाठीवर पिशवी घेऊन यायची, महिना महिना राहायची. संध्याकाळी पुढच्या सोप्यावर बसून हिशोब करायची: बसला इतके, जेवणाला इतके, आजारी पडलो तर इतके बाजूला. मी विहिरीवर दोर ओढत ऐकत असे. माझं इंग्रजी तिथलं, दोर ओढून कमावलेलं. कोणाकडे किती उरलंय ते मला त्यांच्याआधी कळायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या मासळीच्या जेवणाचा दर मी त्या बेताने सांगायचो. अशाच कानांवर पुढे धंदा उभा केला, आये. तुला ते आवडत नसे, पण हसूही यायचं.

तुला मात्र त्यांच्या हिशोबापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल. एकदा तू मला विचारलंस की ही माणसं दिवसभर करतात काय. मी म्हटलं, काही नाही, सुट्टी आहे त्यांची. तू खराटा थांबवून माझ्याकडे बघत राहिलीस. “काय नाय करूक इतक्या लांब येतत?” मग पुढे कितीतरी दिवस तू अंगण झाडता झाडता त्यांच्याकडे बघायचीस. मला वाटायचं तू हसतेस. तू शिकत होतीस.

एका वर्षी मोसम चांगला गेला तेव्हा मी ठरवलं की तुला सुट्टीवर न्यायचं. आपल्यातलं माणूस घर सोडून जायचं ते लग्नाला, जत्रेला नाहीतर कोणी गेल्यावर. विनाकारण जाणारे आपणच पहिले असणार याचा मला कोण अभिमान. म्हैसूर आणि उटी धरली होती. गोऱ्यांसारखाच सोप्यावर बसून हिशोब मांडला: गाडी, लॉज, जेवण, अडीअडचण, आणि तुला एक स्वेटर. मे महिना पक्का केला, कारण तेव्हा गिऱ्हाईक नसतं, खोली रिकामी ठेवून काही बुडत नाही. सगळं जमल्यावर तुला सांगितलं. तू नारळ खवत होतीस. तू विचारलंस की एवढे सगळे पैसे खरंच माझ्यासाठी काढलेस का. मी हो म्हटलं. तू खवणीवरून हात न काढता म्हणालीस, “मगे माका खंय व्हरू नाका. भायली खोली दी. चार दीस.”

कुठे न्यायचं नाही, फक्त ही खोली द्यायची, हे आधी मला कळलंच नाही. मग वाटलं थट्टा करतेस. माझी बायको चुलीपाशी हातात पळी धरून तशीच उभी. मी सावरून म्हटलं, बरं, मे महिन्यात राहा, पाऊस येईपर्यंत राहा, खोली तुझीच आहे. तेव्हा तू मान वर केलीस. “कोणाक नाका तेव्हा ती खोली माका कित्याक? माका नाताळात जाय.”

नाताळात हवी. जेव्हा तिचं भाडं दुप्पट, जेव्हा माणसं जागा मिळेना म्हणून माडाखाली चादर घालून झोपतात. आपल्या आवयला हिशोब येत नाही असं समजत होतो मी. तुला माझा मे महिना बरोबर कळला होता: गिऱ्हाईक नाही, म्हणून खोली तुझी. तू खवलेला नारळ बाजूला सारलास, फळीवरचा डबा काढलास आणि विचारलंस, “भाडां कितलां ता सांग.” मी चिडलोच. म्हटलं, आपल्याच घरात भाडं देणार, लोक शेण घालतील तोंडात. तू शांत होतीस. “फुकट रवलंय तर उठयतलंस माका.”

फुकट राहिलेल्याला मी उठवायचो, हे खरंच होतं. मालवणची आते दर वर्षी नाताळात यायची आणि दर वर्षी गिऱ्हाईक आलं की खाटेवरून सोप्यावर, सोप्यावरून मागच्या पडवीत सरकायची. हसत सरकायची, कारण ती फुकट होती. पैसे दिलेल्याला मात्र मी कधी हलवलं नव्हतं, एकदा तापाने फणफणलेल्या माणसालाही नाही. घराचा कायदाच होता तो, मीच केलेला, आणि तू तो नीट पाठ केला होतास. कोकमाची सोलं विकून साठवलेले पैसे तू माझ्या हातावर ठेवलेस, नाताळाच्या दराने, आगाऊ. घासाघीस तेवढी केलीस. चहा भाड्यात धरून घेतलास.

तो नाताळ मला आजही काल झाल्यासारखा दिसतो. सकाळी मी चहा घेऊन येतो आणि दारापाशी अडखळतो. आवयच्या दारावर टकटक करायची असते हे मला कुठे माहीत? टकटक करतो. आतून तू “ये” म्हणतेस. खाटेवर लुगड्याचा पदर पायांवर घेऊन पडलेली आहेस, तोंड जनेलाकडे, आणि उन्हं चांगली वर आलेली. मी घाबरून विचारतो, बरं नाही का? तू म्हणतेस, पदेराची पोंपों आयुष्यात पहिल्यांदा निजून ऐकली, बरी लागते. एरवी पाववाल्याची सायकल यायच्या आधी तुझं पाणी भरून झालेलं असायचं. मग तू चहाचा घोट घेतेस आणि साखर कमी म्हणून कप परत करतेस. मी कप घेऊन मागे जातो. बायको विचारते काय झालं, आणि आम्ही दोघं हसावं की काय करावं ते न कळून एकमेकांकडे बघत राहतो. शेजारीण येऊन जनेलातून डोकावते, तू आजारी नाहीस हे बघते आणि जास्तच काळजीत पडून परत जाते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते जर्मन म्हातारा-म्हातारी आले. दर वर्षी जानेवारीत येणारे, त्या वर्षी न कळवता आधीच आलेले. गावभर फिरून दमलेले, कुठे जागा नाही. म्हाताऱ्याने आपण होऊन दुप्पटीवर आणखी सांगितले. मी तुझ्या दारापाशी गेलो. खरं सांगतो, तोंड उघडलं नव्हतं अजून. नुसता उभा राहिलो, आतेला खाटेवरून उठवायला उभा राहायचो तसा. तू कूस न बदलता म्हणालीस, “खोली भरलेली आसा.”

मी तरी म्हटलं, आये, म्हातारी माणसं आहेत, जातील कुठे. तू म्हणालीस, “रांदपाच्या खोलीत जागो आसा. माजां हांतरूण थंयच आसा.”

आये, मी गोऱ्या माणसांना रगड्याशेजारी झोपवलं. दुसरा इलाजच ठेवला नव्हतास. त्यांना वाटलं मजा आहे. रात्र झाली, निखाऱ्यांचा धूर कोंडला, उंदरांनी भांडी वाजवली. सकाळी ती म्हातारी डोळे लाल करून सोप्यावर आली. तिने मागे बोट दाखवून विचारलं, तिथे एरवी कोण झोपतं? मी म्हटलं, आई. तिला मराठी येत नव्हती, कोंकणी नव्हती, इंग्रजीही जेमतेम, पण तिचं तोंड जे उघडं राहिलं ते मिटेना. मग तिने मान वळवून भायल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. कित्येक वर्षं तीच त्या खाटेवर झोपत आली होती. त्या दिवशी तुझा दुपारचा चहा माझ्या हातातून काढून घेऊन ती आत गेली. तुम्ही दोघी काय बोललात, कशात बोललात, देव जाणे. हे माझे एवढे तिखट कान, पण दाराबाहेरून मला फक्त कप ठेवल्याचा आवाज आला.

चार दिवस भरले तशी तू उठलीस, चादर झटकलीस, खोली झाडलीस आणि मागे येऊन चुलीत लाकूड सारलंस. मी विचारलं, काय केलंस गो चार दिवस? म्हणालीस, “काय नाय.” आणि हसलीस ती अशी की मी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी मी तुला मधल्या काळोखात खाट करून दिली आणि आम्ही मागे गेलो. खोली तू पुन्हा कधी मागितली नाहीस.

आता मागे नव्या खोल्या आहेत, नळ आहेत, वाहनं लावायला जागा आहे. ही एक जुनी खोली पाडून हॉटेलचा दर्शनी भाग करू म्हणून मुलगा मागे लागतो. त्यांनी सुट्टी नाताळातच धरली होती. मी म्हटलं, मोसमात मला घर सोडता येणार नाही, चार दिवस पुढे ढकला. त्यांना वाटलं बाबांना धंदा सुटत नाही. वाटू दे.

तू गेल्यापासून, नाताळ आला की या खोलीसाठी फोन येतात, आणि मी सांगतो, भरलेली आहे. ती रिकामी असते. भाडं मात्र मी माझ्या खिशातून काढून आगाऊ गल्ल्यात टाकतो, नाताळाच्या दराने. कारण मी मला ओळखून आहे, आये. फुकट ठेवली, तर उठवीन तुला.