तीन ठिकाणी वाजणारा फोन

पेडणे, बुधवार

प्रिय सिद्धी,

सोमवारी मी तुला फोनवर मॅडम म्हटलं. सर्वणच्या शाळेत एका बाकावर बसलो, पणजीला चित्रकला शिकताना एका डब्यातलं जेवलो, आणि शेवटी तुला मॅडम! तू किती उत्साहाने सांगत होतीस, म्हापशाच्या तुमच्या शाळेत चित्रकलेची जागा रिकामी होतेय, पंधरा तारखेच्या आत अर्ज दे म्हणून. आणि मी "मला चित्रशाळेतून वेळ नाही, मॅडम" म्हणून फोन ठेवला. रागावली असशील. खुशाल रागाव, पण पत्र पुरतं वाच.

त्यासाठी आमच्या फोनची कथा ऐकावी लागेल. आमच्या चित्रशाळेत गणपतीच्या मूर्तींची मागणी कशी येते ते तुला ठाऊक आहे. लोक घरचा पाट आणून देतात, मागे खडूने नाव लिहायचं, मूर्ती त्याच पाटावर घडते. बाकी सगळं फोनवर, उंची किती, पितांबर कुठल्या रंगाचं, सोंड कुठे. दोन वर्षांपूर्वी गुरुदास पार्सेकरांच्या पाटावर उजव्या सोंडेचा गणपती बसला. चवथीच्या आदल्या दिवशी न्यायला आले, कापड बाजूला केलं आणि त्यांची आई पायरीवरच बसली. उजव्या सोंडेचं सोवळं आम्हाला कसं झेपणार, म्हणून रडायला लागली. शेवटी शिल्लक होता तो दुसराच गणपती घेऊन गेले. तीन पिढ्यांचा त्यांचा पाट पुन्हा आमच्याकडे आला नाही.

गुरुदास म्हणत होते, मी डावी सांगितली होती. मी म्हणत होते, उजवीच. खरं आज तुलाच पहिल्यांदा सांगते. त्या दिवशी माझ्या एका कानाला मोबाइलवर तू होतीस, तुझ्या लग्नाच्या साड्यांबद्दल बोलत होतीस, आणि दुसऱ्या कानाला दुकानाचा फोन. वहीत मी खालच्या गिऱ्हाइकाची सोंड वरच्या ओळीत लिहिली. नवरा असून श्रीनाथने मला दोष दिला नाही. थोरले भाऊजी, दत्ताराम, त्यांनीही नाही. कुणीतरी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मग फोन कंपनीचा माणूस आला. साधी जुनी लाइन ठेवा म्हणाला, किंवा दुकानाचा फोन वहिनींच्या मोबाइलवर वळवून देतो, त्या कुठेही जाऊ शकतील. आणि एक मोठी व्यवस्था होती: कारखाना, गल्ला आणि स्वयंपाकघर, तिन्हीकडे घंटी, प्रत्येक बोलणं नोंदलेलं, भाऊजींच्या मोबाइलवर कधीही ऐकता येणारं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण फोन मीच घेते. मी तिसरी निवडली, बाई. कुणी हात पिरगाळला नव्हता. वर गिऱ्हाइकांना माझाच मोबाइल नंबर पाठ होता म्हणून तोसुद्धा त्यात घातला, कागदावर सही केली. भाऊजी खुश झाले. "आता एकय फोन चुकचो ना," म्हणाले.

खरंच चुकत नाही. कपडे वाळत घालायला मागे गेले तर चार घंट्यांनंतर फोन भाऊजींकडे जातो, आणि ते अगदी मायेने विचारतात, "खंय होतंस गो?" काय सांगू? आंघोळीला गेले तरी सांगावं लागतं. सर्वणला माहेरी आईशी बोलते तेही त्यात नोंदलं जातं, त्यामुळे आमचं बोलणं आता भात, पाऊस आणि गुडघे एवढंच उरलंय. माझं व्हॉट्सअॅपही गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर उघडं असतं. थांब, वाजला.

आले. मांद्र्याचं गिऱ्हाईक होतं, दीड फुटी मूर्तीसाठी. तर सांगत होते, गेल्या चवथीच्या आधी मी मूर्तीचे डोळे आखत होते. ती रेघ एका दमात ओढायची, ब्रश मध्ये उचलायचा नसतो, आणि नेमकी घंटी झाली. डावा डोळा फिसकटला. श्रीनाथने पुसून सारखा केला आणि हसून म्हणाला, डोळे मी बघतो, तू फोन बघ. वाईट हेतू नव्हता गं त्याचा. पण त्या दिवसापासून मी ब्रश धरलेला नाही. सोन्यासारखी माणसं आहेत ही, म्हणूनच भांडायचं तरी कुणाशी? माझा जीव गुदमरतोय, सिद्धी.

सोमवारी तुझा फोन आला तेव्हा भाऊजी समोर बसले होते, आणि नसते तरी संध्याकाळी चहाबरोबर त्यांनी ऐकलाच असता. ऐकलाही. "बरें सांगलंस," म्हणाले. तेव्हा कळलं की मी बोलले ते तुझ्याशी नव्हतंच, त्या नोंदीशी बोलले. तुला द्यायचं उत्तर वेगळं आहे, ते कागदावरच देता येतं, म्हणून इतक्या वर्षांनी हे पत्र. उत्तर आहे, हो. मला ती नोकरी हवी आहे. घरात मी तोंडाने सांगणार आहे, श्रीनाथला आधी, गुरुदासांच्या मूर्तीची चूक माझी होती हेही. पण अर्ज भरल्यावर, नाहीतर मीच मागे फिरेन. हे पत्र आजच म्हापशाच्या बसच्या कंडक्टरच्या हाती तुझ्या शाळेत पाठवतेय. शुक्रवारी रंग आणायला म्हापशाला येतेय. अकरा वाजता बसस्टँडवर अर्ज घेऊन उभी राहा. आणि काही झालं तरी मला फोन करू नकोस.

तुझीच, मॅडम म्हटल्याबद्दल लाजलेली,
विनोदिनी