दहाच्या डोक्यावरचा बारीक तीन

१७ नोव्हेंबर, सोमवार
सातवीला घातांक सुरू. फळ्यावर दहा लिहिला, डोक्यावर बारीक तीन. निम्म्या वर्गाने दहा त्रिक तीस केलं. ते दरवर्षीचंच. अश्विनीच्या वहीत मात्र चक्क एकशे तीन! वर्ग खो खो हसला. मीही झापलं, "लक्ष कुठंय गं?" तोंडी हिशेबात हिचा हात कोणी धरत नाही. मग हे काय...

१८ नोव्हें.
आज पुन्हा तेच. मधल्या सुट्टीत जवळ घेऊन विचारलं. खाली बघत म्हणाली, "वरचं बारीक दिसत न्हाई, मॅडम. शेजारच्या सीमाला इचारलं तर ती म्हनली, दहा, तीन."
उंच म्हणून दिवाळीनंतर मीच तिला शेवटच्या बाकावर बसवलं. वर कालचं झापणं. फार वाईट वाटलं. पहिल्या बाकावर आणलं, तरी डोळे बारीक करतेच. मग घातांकही दहाएवढाच मोठा काढला.

१९, बुध.
तिची आई शाळेत आली. डोळे तपासा म्हटलं तर, "चष्मा नगं, मॅडम. उद्या पावने काय म्हनतील?"
बारा वर्षांची पोर! जिभेवर आलेलं गिळलं. मला बघायला आले तेव्हा आईने माझाही चष्मा काढून ठेवला होताच की. नवरदेव कोण ते दिसेना, पोह्यांची पहिली बशी मध्यस्थाच्या हातात दिली. हे सांगितलं तशी अश्विनीची आई तोंडाला पदर लावून हसली.
"मंग जमलं कसं?"
"यांनीही त्या दिवशी काढूनच ठेवला होता. लग्नानंतर कळलं."
जाताना म्हणाली, "ह्यांच्या कानावर घालते. शुक्रवारी परभणीला जानार हाईत."
म्हणजे ना हो, ना नाही.

२० नोव्हें.
चांगलीच फजिती. आज अख्ख्या वर्गाच्या वह्यांत एकशे तीन! ओरडले तर सीमा म्हणते, "तुमीच मोठा लिहायलात की."
खरंच आहे. एकीला दिसावं म्हणून तीस जणांचं बिघडवलं. बारीक लिहावा तर अश्विनी गेली. आपल्यामुळे झालं म्हणून की काय, तिने आज वहीच मिटून ठेवली होती.

२१, शुक्र.
पहिला बाक रिकामा. सीमाला विचारलं.
"बापासंगं सकाळच्या एस्टीनं परभणीला गेली."
"दवाखान्यात?"
"काय की. मावशीकडं बी जातेत ते."
दिवसभर जीव टांगणीला. आज घातांक बारीकच लिहिला, जिथे हवा तिथे. पोरांनी बरोबर उतरवला.
शाळा सुटल्यावर फळा पुसायला घेतला आणि थांबले. दहाच्या डोक्यावरचा तेवढा तीन ठेवून आले. उद्या सकाळची शाळा. ती आली की आधी तिलाच वाचायला सांगणार आहे. विचारायची भीतीही वाटतेय.