एक ते पाचच्या बाहेरचं

सोमवार, ४

लाज काढली आज माझी. भर कॉम्प्युटरच्या वर्गात.

साधा प्रोग्राम — वय विचारायचं, पुढच्या वर्षी किती होईल ते सांगायचं. माझा व्यवस्थित चालत होता. सर आले, खुर्चीमागून वाकले आणि वयाच्या जागी टाइप केलं — 'ठोंब्या'. एंटर. काळ्या खिडकीत लाल ओळींचा चिखल, प्रोग्राम आडवा! मागचे दोघे खिदळले. वय विचारल्यावर ठोंब्या कोण लिहितं? मी विचारलंही तसं. तर म्हणे, लोक काहीही लिहितात, ते धरूनच चालायचं.

माझ्या निम्म्या वयाचा माणूस! ऑफिसने सक्ती केली नसती तर त्या वर्गाची पायरी चढले नसते.

मंगळवार, ५

दादाचा फोन. तेच पालुपद — ताईला त्या पुनर्वसन केंद्रात ठेवू, तिथे व्यायाम करून घेतात, बोलायला शिकवणारे आहेत, तुझीही फरफट थांबेल. माझी फरफट मी बघीन! आई गेल्यावर आम्हा दोघांना ताईने वाढवलं. मुख्याध्यापिका होती, नुसत्या नजरेने अख्खी शाळा गप्प करायची. मेंदूत रक्तस्राव झाला, उजवं अंग गेलं, जीभ वळेना — म्हणून नेऊन परक्यांत टाकायची? वर म्हणतो, तुझ्यानं झेपत नाही. हा तिकडे बसून माझं झेपणं मोजणार!

फोन आपटला. बाजूच्या खोलीत ताईला सगळं ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

गुरुवार, ७

कीबोर्डवरून येतं ते सगळं आधी नुसता मजकूर असतं. ५ लिहिलं तरी. त्याचा आकडा आपण करायचा. होत नसेल तर कोसळायचं नाही, पुन्हा विचारायचं. झालाच आकडा, तर तो हवा त्या हद्दीत आहे का बघायचं. नसेल, तर परत विचारायचं. बरोबर उत्तर येईपर्यंत सोडायचंच नाही.

आज ठोंब्या लिहिला, माझा प्रोग्राम ढिम्म हलला नाही. सर 'छान' म्हणाले. त्यांचं छान त्यांनाच लखलाभ. पण घरी येताना एक सुचलं — ताईसाठी.

शनिवार, ९

डाव्या हाताने तिला पेन्सिल धरवत नाही. मागे फेकून दिली होती. पण एक बटण तर दाबता येईल! बसून लिहिला प्रोग्राम. १ पाणी, २ भूक, ३ दुखतंय, ४ कूस बदल, ५ बाथरूम. लॅपटॉप तिच्या पुढ्यात ठेवला. तिने बराच वेळ वाचलं. मग डावं बोट उचललं आणि दाबलं — ६.

'चूक. १ ते ५ मधलाच आकडा टाका.'

पुन्हा ६. मी समजावलं. पुन्हा ६. शेवटी माझा आवाज चढला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. दिवसभर तिच्यापाशी असणाऱ्या बाई मधे पडल्या, त्यांच्यावरही खेकसले.

रविवार, १०

आजही सहाच. मुद्दाम छळते की काय?

मंगळवार, १२

दादा आला. हौसेने त्याला दाखवायला गेले. तहान लागलीय का विचारलं, तर ताईने मान हलवली — नाही. आणि दाबलं ६. दादा हळूच म्हणाला, "तिला समजत नाही गं आता." तिच्या देखत! मी त्याला वाटेल ते बोलले. तूच तिला अडगळ केलीस, तुझ्या बायकोला ती घरात नको होती, सगळं. तो उंबऱ्यात चपला घालत राहिला. त्याचाही राग आला.

ताईने डोळे मिटून घेतले होते. झोपली नव्हती.

बुधवार, १३

वर्ग सुटल्यावर थांबले. सरांना प्रोग्राम दाखवला, म्हटलं, वापरणारी माझी बहीण आहे, हट्टी आहे. त्यांनी नीट वाचला. म्हणाले, "एकदा सहा आला तर चूक. रोज सहाच येत असेल, तर त्यांना हवं ते तुमच्या यादीतच नाही."

अंगाचा तिळपापड झाला. बसने घरी येईपर्यंत धुमसत होते. तिला काय हवं ते मला कळत नाही? मी तिची सख्खी बहीण!

शुक्रवार, १५

घातला सहा. '६ — मनातलं लिही.' त्यापुढे तपासणी काही नाही. आकडा हवा असं नाही, हद्द नाही, 'चूक' म्हणणं नाही. लिहील ते घ्यायचं आणि तसंच दाखवायचं. इतके दिवस चूक पकडायला शिकले, आता तीच ओळ पुसली.

शनिवार, १६

तिने ६ दाबलं. स्क्रीनवर 'मनातलं लिही' आलं. ताई लिहायला लागली.

इंग्रजी अक्षरांत मराठी, फोनवर लिहायची तसं. एकेक अक्षर शोधून. 'मला' झालं. पुढे 'ज' आला. मी म्हटलं, जेवायचंय? मीच ते पुरं करायला गेले, तर तिने माझ्या हातावर फाटकन मारलं. मी तणतणत उठले — लिही मग एकटी! स्वयंपाकघरात भांडी घासत बसले. घासलेलीच.

परत आले तर तिला झोप लागली होती. ओळ अर्धीच. लॅपटॉप तसाच चालू ठेवला.

रविवार, १७

सकाळी तिने ओळ पुरी केली. एंटर दाबलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

'मला जायचंय तिकडे. बोलायला शिकायचंय.'

दादाला फोन लावला. तो हॅलो, हॅलो करत राहिला. मी ताईची ओळ त्याला वाचून दाखवली.