सांभाळण्याच्या खर्चावरची सवलत

१२ जानेवारी
डार्लीनकडून गेल्या वर्षाचा हिशेब आला. टेसाला दिवसभर सांभाळण्याचे सहा हजार चारशे डॉलर. तीन वर्षांची मुलगी, खाऊन खाऊन खाते किती? रेने म्हणाली, यंदापासून टेसाला घरीच ठेवू, तू घरीच तर असतोस. मी घरी नसतो. मी गॅरेजमध्ये असतो. गळाला लावायचे लाकडी मासे बनवण्याचा माझा व्यवसाय आहे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या बायकोला व्यवसाय म्हणजे काय हे कळणं कठीण.

१३ जानेवारी, सकाळी
तोडगा सापडला. आईबाप दोघंही कमावते असतील तर मूल सांभाळण्याच्या खर्चावर सरकार टॅक्समध्ये सवलत देतं. म्हणजे सगळे पैसे परत. रेने म्हणाली, मिळाली तर टेसा डार्लीनकडे, नाही मिळाली तर तुझ्याकडे. मी लगेच हो म्हटलं.

२ फेब्रुवारी
सगळे परत मिळत नाहीत. जेमतेम सहाशे मिळतात. रेनेला योग्य वेळी सांगीन.
सवलतीच्या फॉर्मवर डार्लीनचा टॅक्स नंबर लागतो, म्हणून तिच्याकडे गेलो. बाहेर उणे वीस आणि तिनं मला दारातच उभं केलं. म्हणाली, लाइल, आधी डिसेंबरचे पैसे दे, मग नंबर ने.

११ फेब्रुवारी
डिसेंबरचे पैसे रेनेनं भरले. नंबर मी मिळवला.

२० फेब्रुवारी
व्यवसायाचा हिशेब केला. वर्षाची विक्री चारशे दहा डॉलर. बरेचसे मासे रेनेच्या भावानंच घेतले, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. कमाई जितकी कमी तितका टॅक्स कमी, एवढं मला कळतं. म्हणून खर्च दाबून लावला: लाकूड, रंग, हीटर, बोटीची नवी मोटर, तळ्यावरच्या फेऱ्या (बाजारपेठेचा अभ्यास). दोन हजारांचा तोटा निघाला. स्वतःवर खूश आहे.

९ मार्च
लायब्ररीत टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात. टेबलाशी मिसेस नॉरक्विस्ट, निवृत्त शिक्षिका. रेने रजा टाकून आली. बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, सवलत शून्य.
मी म्हटलं, पुन्हा बघा. नवराबायकोत ज्याची कमाई कमी, त्याच्या कमाईइतकाच खर्च सवलतीला धरतात म्हणे. कमी कमाई माझी. आणि माझी कमाई म्हणजे तोटा. मी म्हटलं, मग मोटर खोडा, ती हौसेची होती. बाई म्हणाल्या, मिस्टर हेडस्ट्रम, सगळं खोडलं तरी ब्याऐंशी डॉलर हाती येतील. एरवीही फार तर सहाशेच मिळतात, हेही बाईंकडून रेनेला तिथेच कळलं.
मग बाईंनी पुढचे प्रश्न विचारले. नवऱ्याची कमाई नसली तरी काही वेळा चालतं. तो पूर्णवेळ विद्यार्थी आहे का? नाही. शरीरानं किंवा मनानं असा आहे का, की स्वतःची काळजी घेऊ शकत नाही? मी हसलो. रेने हसली नाही. ती विचार करत होती. शेवटी म्हणाली, नाही, जेवतो आपल्या हातानं.
वाईट वाटलं.

१ एप्रिल
टेसाचं नाव डार्लीनकडून काढलं. एवढं काही बिघडलेलं नाही. सकाळी ती शेजारी बसून चित्रं रंगवेल, दुपारी झोपेल, तेव्हा मी मासे तासत बसेन. उलट शिस्त लागेल.

२ एप्रिल
ती दुपारी झोपत नाही. तयार मासे तिनं जांभळे केले.

४ एप्रिल
टेसाला झोपवता झोपवता मीच झोपलो. रेने आली तर टेसानं तिला दारातच गप्प केलं. म्हणाली, हळू, डॅडी झोपलाय. माझे बूट काढून अंगावर पांघरूण तिनंच घातलं होतं. जेवण म्हणून कोरडे कॉर्नफ्लेक्स खाल्ले होते, तेही खुर्ची ओढून वरच्या फळीवरून काढून.
रेने ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१० एप्रिल
रेनेनं रात्रपाळी मागून घेतली. दिवसा घरी राहायचं म्हणते. मी म्हटलं, टेसाकडे मी बघतो की. म्हणाली, दोघांकडे बघायला कुणीतरी हवं. विचारलं, मग तू झोपणार कधी? म्हणाली, बघू. तू जा, गॅरेजमध्ये बस.
येऊन बसलोय. हवी होती तशी शांतता आहे. काम सुचत नाही.