बरणीतलं नायट्रोमिथेन आणि माझा राजीनामा

१२ एप्रिल १९५५, अंबरनाथ
निश्चय : या उन्हाळ्यात कारखान्यातून सुटायचं. सहा वर्षं ॲसिडची सॅम्पलं तपासतोय. आता मोगऱ्यालाही ॲसिडचा वास येतो. गुदमरतो जीव. पण मार्ग सापडला. नायट्रोमिथेनची वाफ उन्हात ठेवली, की प्रकाश तिचे तुकडे करतो आणि तपकिरी वायू सुटतो. हे घरच्या घरी करून पेपर लिहायचा. मग मुंबईची एखादी मोठी लॅब बोलावीलच. रोज पहाटे चारला उठणे.

१७ एप्रिल
पहाट हुकली, पाचव्यांदा. उल्हासनगरला बरणी घेतली. सिंधी दुकानदार म्हणाला, साब, पतली मत लो, फूट जायेगी. सगळ्यांत जाड काचेची घेतली. विज्ञानात कंजुषी नको.

१८ एप्रिल
लॅबमधून नायट्रोमिथेन आणलं (उसनं). चार थेंब बरणीत, बुचाला मेण. परसात बंबाजवळच्या कट्ट्यावर ठेवली, सुनंदाच्या साखरांब्याशेजारी. तुमचं हे किती दिवसांत मुरतं, असं तिने विचारलं. बायकोला विज्ञान सांगत बसलो नाही.

२ मे
वाफ जशीच्या तशी, रंगहीन. अंबरनाथचं ऊनच हलक्या प्रतीचं असावं. साखरांबा मात्र त्याच उन्हात झाला. योगायोग.

९ मे
उशीर झाला म्हणून आमच्या लॅबचे दौलतराव साहेब बोलले. हल्ली लक्ष कुठे असतं, म्हणाले. कळेल लवकरच. पेपरचं शीर्षक लिहून झालं.

२० मे, सकाळी ७
तपकिरी! बरणीला तपकिरी छटा! सुनंदाला हाक मारली. ती बंब पेटवत होती. डोळे चोळत म्हणाली, आधी चहा घ्या, गार होतोय.

दुपारी १
राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. सुटलो!

२१ मे
सुनंदाने बरणी पदराने पुसली. छटा पदराला लागली. बंबाचा धूर. आत काहीही नाही.

२३ मे
साहेबांना सगळं सांगावं लागलं. ते हसले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, अहो, ती वाफ फोडणारे किरण काच आत येऊच देत नाही, त्याला क्वार्ट्झचं भांडं लागतं. आणि तुम्ही वर जाड काच घेतलीत? मग खणातून राजीनामा काढून परत दिला. पुढे धाडलाच नव्हता. माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता त्यांचा. आणि मला हायसं वाटलं, याची लाज वाटते.

बरणी सुनंदाने धुण्याच्या सोड्याला घेतली. फार मजबूत आहे हो, म्हणाली, जन्मभर जाईल.

उद्या सातची पाळी.