रस्त्याकडेची जागा

जंगलातून,
मंगळवार, २४ सप्टेंबर

प्रिय ग्लेनिस,

तब्येत कशी आहे वगैरे विचारत नाही. मी मजेत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते गप्प बसले तर मलाच चुकल्यासारखं होईल.

तर कळवायचं ते हे की यंदा तळ्याकाठची जागा मला मिळाली, आणि तीही शर्यतीशिवाय! नेहमीसारखी अंधारातच उठले, थर्मास भरला, तुझ्या आधी पोचायचं म्हणून गाडी दामटली आणि पायवाट उतरून बघते तर पाइनखाली कोणीच नाही. तुझा तो विटका हिरवा तंबू नाही, आणि ‘आलीस? झोप झाली का नीट?’ असं विचारून दात काढणारी तूही नाहीस. मी सगळ्यात सपाट तुकड्यावर ऐसपैस तंबू ठोकला. हक्काची जागा नाही, नळ नाही, संडास नाही, जो आधी येईल त्याचं जंगल. म्हटलं, एकदाचा न्याय झाला.

मेपल लाल व्हायला लागलेत. लून पक्ष्यांची जोडी अजून तळ्यावर आहे, पण त्यांची जायची घाई दिसते. पहिल्या रात्री अस्वल येऊन गेलं. मी वेलदोड्याचा पाव केला होता, त्याचा वास लागला असणार. पिशवी दोन झाडांच्या मधोमध उंच टांगली होती, तुझ्या पद्धतीनं, त्यामुळे बिचाऱ्याला नुसत्या वासावर समाधान मानावं लागलं. ‘तुझ्या पद्धतीनं’ लिहिलंय ते फार मनावर घेऊ नकोस.

फक्त ओढ्यापलीकडे धूर नव्हता.

जी हरेल तिनं ओढ्यापलीकडे जायचं आणि एकमेकींकडे फिरकायचं नाही, हा आपला शिरस्ता. माणसांचा कंटाळा येतो म्हणून तर आपण इथं येतो! पण तुला कधी सांगितलं नाही, सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढलं की मी आधी पलीकडे बघते. तुझा धूर दिसला की म्हणते, ‘आहे म्हातारी जिवंत,’ आणि मग कॉफी ठेवते. यंदा कॉफी केली आणि तशीच ओतून टाकली.

थांब, चुलीत लाकूड सारून येते.

हं. आता उगीच वेड पांघरत नाही. मला माहीत आहे, ग्लेनिस. घरून निघायच्या आधीच माहीत होतं. तरीही मी अंधारात उठले आणि गाडी दामटली. म्हटलं, तुझ्या सुनेला, रोक्सानला काय, बोलायची सवय आहे. ग्लेनिस असेलच तिथं.

तुझी सून मला दुकानात भेटली, गॅसची टाकी घेताना. तिच्यावर चिडू नकोस. मीच तिला दारात अडवून धरलं.

‘सासूबाईंचा पाय काढावा लागला,’ ती म्हणाली. ‘गुडघ्याखाली. साखरेनं घात केला. पण तुम्ही हे ऐकलं नाही हं, साइमा. कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलंय. तुम्हाला तर मुळीच नाही.’

‘का? मी तिचं काय घोडं मारलंय?’

‘त्या म्हणतात, साइमाला कळलं तर तिला जागा मिळाल्याचा आनंदसुद्धा होणार नाही. आणि तिचं ते तोंड मला बघवायचं नाही.’

मग म्हणाली, तू खिडकीकडे पाठ करून बसतेस. चाकाच्या खुर्चीतून अंगणातसुद्धा जात नाहीस. तंबू विकून टाका म्हणालीस.

मला तुझा इतका राग आला! पाय गेला, पण जीभ तर शाबूत होती ना? एक फोन करता आला नाही? मग रडले. हो, मी. तळ्याकाठी बसून, भोकाड पसरून.

काल मिलवॉकीचं एक जोडपं पायवाटेनं धडपडत खाली आलं. दोघांच्या मध्ये बर्फाची भलीमोठी पेटी, आणि चेहरे असे की आता भांडण होणार. मी विचारलं, ‘जागा हवी का?’

‘पण आजी, इथं तर तुम्ही आहात.’

‘मी निघाले. नाही तरी जागा माझ्या बापाची नाही.’

‘एवढी सुंदर जागा सोडून? कुठं जाणार?’

‘वर. रस्त्याकडेला.’

पोरगी नवऱ्याकडे बघायला लागली. म्हातारीचं डोकं फिरलंय असं वाटलं असणार.

तर हे पत्र मी वरून लिहितेय. लाकडाचे ट्रक वळायचे ना, त्या मोकळ्या जागेवरून. ‘आळशांचा तळ’ म्हणून आपण नाकं मुरडायचो, तीच. तळं दिसत नाही. गाडी गेली की कॉफीत धूळ पडते. पण जमीन टणक आहे आणि खडी चांगली दबून बसली आहे. माझ्या ढकलगाडीत दगड भरून मी ती सगळीकडे फिरवून बघितली, कुठंही चाक रुतलं नाही. रोक्सानची गाडी थेट तंबूच्या दाराशी येईल.

आणि तू आधी जे विचारशील तेही सांगते. खड्ड्यावर उकिडवं बसायचे दिवस तुझेही गेले आणि माझेही. बूड कापलेली बादली खड्ड्यावर घट्ट बसवली, वर लाकडी बैठक ठोकली, दोन्ही बाजूंना धरायला दांडके रोवले. मी स्वतः बसून बघितलंय. झकास.

तुझी कीव येऊन मी हे करतेय, असं तू म्हणशील. म्हण. पण खरं सांगू? इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मला जंगलात एकटीला राहायला आवडतं. मी कधी एकटी राहिलेच नव्हते गं. यंदा पहिल्यांदा राहिले. मला नाही जमत.

ती पोरगी आत्ता गावात बर्फ आणायला जातेय, तिच्याच हाती हे पत्र देते. मी हलणार नाही. माझ्या तंबूच्या डाव्या बाजूचा सपाट तुकडा तुझा. तंबू विकून टाकला असशील तर माझ्या तंबूत ये. मी घोरले तर लाथ घाल, अजून एक पाय आहे तुला.

तुझी शेजारीण,
साइमा